प्रत्येकाचं लॉगिन वेगळं का हवं? (आमच्या ग्राहकांसाठी माहिती)

अकाउंटिंग किंवा ईआरपी (हिशेब, स्टॉक, बिलिंग एकत्र सांभाळणारं) सॉफ्टवेअर वापरणाऱ्या बऱ्याच छोट्या ऑफिसांत ‘अ‍ॅडमिन’ हे एकच लॉगिन असतं, आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरलाच चिकटवलेला असतो. काम अडत नाही, म्हणून कोणी लक्ष देत नाही. कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर मात्र हे अंगाशी येऊ शकतं.

१ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाचं सॉफ्टवेअर असं लागतं, की केलेल्या प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहील आणि ती नोंद बंद करता येणार नाही. ती वर्षभर चालू होती का, तिच्याशी छेडछाड झाली का, हे ऑडिटरला अहवालात लिहावं लागतं. एकट्या मालकाच्या पेढीला हा नियम लागू नाही. उपयोग तिलाही आहेच.

समजा, १,१८,००० रुपयांचं बिल मार्चअखेरीस १,०८,००० चं झालेलं दिसलं. नोंद उघडली. जुनी रक्कम, नवी रक्कम, तारीख, सगळं जागच्या जागी, नावापुढे ‘अ‍ॅडमिन’. मग बदल केला कोणी? लालबागच्या ऑफिसातल्या अकाउंटंटने, भिवंडीच्या गोदामातल्या मुलाने, की रविवारी घरून लॉगिन केलेल्या शेठनी? पासवर्ड तिघांनाही माहीत. नोंद असून नसल्यासारखी.

म्हणून अ‍ॅडमिनचे हक्क मालक आणि आणखी एक भरवशाचा माणूस, एवढ्यांकडेच ठेवा. बाकीच्यांना कामापुरते राइट्स: गोदामाला फक्त स्टॉक, बिलिंगला मागच्या तारखेची एन्ट्री नाही. कोणी नोकरी सोडली तर त्याचं लॉगिन त्याच दिवशी बंद करा, पण डिलीट करू नका. जुन्या एन्ट्री त्याच्या नावावर आहेत. आणि हो, आमच्या माणसालाही अ‍ॅडमिनचा पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवू नका. वेगळं लॉगिन द्या, काम झालं की बंद करा.

बॅकअपचंही थोडं. हिशेब कॉम्प्युटरवर ठेवणाऱ्या कंपनीने रोजचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर ठेवायचा, असा नियम आहे. टेबलाच्या खणातला पेन ड्राइव्ह त्यात बसत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तळमजल्यावर गाळा असणाऱ्यांना यापुढे काही सांगायला नको.

लॉगिन वेगळी करून देण्याचं काम आम्ही एएमसीतच (वार्षिक देखभालीच्या करारात) करतो. फोन करण्याआधी एका कागदावर लिहून ठेवा: बिल कोण बनवतं, मंजूर कोण करतं, पेमेंट कोण सोडतं. मार्चच्या गर्दीत मात्र नको. तेव्हा तुम्हालाही वेळ नसतो, आम्हालाही.