एकाच जनुकावर विसंबलेला गहू

गव्हाच्या खोडावर विटकरी रंगाचे लांबट फोड उठले आणि बोट फिरवल्यावर भुकटी लागली, की तो काळा तांबेरा समजावा. ती भुकटी म्हणजे हा रोग करणाऱ्या बुरशीचे बीजाणू, आणि त्या प्रत्येकात दोन केंद्रके असतात. या बुरशीचा धोका कळायला ही गोष्ट फार महत्त्वाची आहे.

गव्हातले प्रतिकारक जनुक बहुधा बुरशीचे एखादेच प्रथिन ओळखते. ओळख पटताच लागण झालेली पेशी मरते, आणि जिवंत पेशीवरच पोसणारी बुरशी तिथेच अडकते. ते प्रथिन बदलले की वाण उघडा पडतो. बुरशीत दोन केंद्रके म्हणजे त्या प्रथिनाच्या जनुकाच्या दोन प्रती, त्यामुळे दोन्ही बिघडाव्या लागतात. एक आधीच निकामी असेल, तर मात्र एकच बदल पुरतो.

राय धान्यातून आलेले 'एसआर ३१' हे प्रतिकारक जनुक जगभरच्या वाणांत पसरले होते. १९९८ मध्ये युगांडात बुरशीच्या 'युजी ९९' या प्रकाराने त्याचा प्रतिकार मोडला. २०१९ साली जनुकीय तपासणीतून दिसले, की त्याचे एक केंद्रक ऑस्ट्रेलियात १९५४ मध्ये सापडलेल्या प्रकाराशी जवळजवळ तंतोतंत जुळते. लैंगिक संकर न होताच, दोन प्रकारांचे धागे एकत्र येऊन अख्खे केंद्रक इकडचे तिकडे गेले होते!

बुरशीचा प्रकार ओळखण्यासाठी वेगवेगळी प्रतिकारक जनुके असलेल्या २० वाणांची आठवडाभराची रोपे घेतात. हलक्या खनिज तेलात मिसळलेले बीजाणू फवारतात, रोपे रात्रभर दमट ठेवतात आणि साधारण दोन आठवड्यांनी ० ते ४ अशी नोंद करतात. ३ आणि ४ म्हणजे वाण बळी पडला. तापमान सांभाळले नाही तर निकाल फसतो: 'एसआर ६' २० अंशांना नीट काम करते, २५ च्या पुढे ढिले पडते. एकाच पानावर लहान-मोठे फोड मिसळलेले दिसले, तर एका फोडापासून वेगळी पैदास करून चाचणी पुन्हा करावी लागते. अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ स्टॅकमन यांच्या अशाच चाचणीच्या जुन्या १२ वाणांच्या संचात आपली खपलीही होती.

'एसआर २' रोग पूर्ण रोखत नाही, मोठ्या झाडात त्याचा वेग कमी करते. पण ते अनेक दशके टिकले आहे. म्हणूनच एका वाणात अशा जनुकाच्या जोडीला आणखी दोन-तीन जनुके हवीत. एकट्या तगड्या जनुकावर हजारो हेक्टर सोपवणे चूकच.

शेतात पहिले फोड दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक लिटरभर पाण्याला १ मिली या प्रमाणात फवारावे. तपासणीसाठी रोगट पाने कागदी पाकिटात पाठवावीत. प्लॅस्टिकमध्ये ती घामेजून सडतात आणि बीजाणू वाया जातात.