लहरीची लांबी आणि घराचा पत्ता

आकाशवाणीतून निवृत्त झालेला एखादा अभियंता गेला की त्याच्याविषयी लिहिताना दोन गोष्टी हमखास येतात : कामात चोख होता आणि कुटुंबवत्सल होता. दोन्ही खऱ्या असतात. पण त्या वेगवेगळ्या वाक्यांत लिहिल्या जातात आणि त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध निसटतो. या माणसाचं घर कुठे असेल, तो दिवाळीच्या पहाटे घरी असेल की नाही, मुलं किती शाळा बदलतील, यातलं बरंचसं प्रक्षेपकाने म्हणजे ट्रान्समीटरने ठरवलेलं असे. ते कसं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

सुरुवात रेडिओच्या लहरीपासूनच करू. ‘३७८.८ मीटर अर्थात ७९२ किलोहर्ट्झ’ ही पुणे केंद्राची उद्घोषणा हजारो घरांत पाठ होती. त्यातला मीटरचा आकडा म्हणजे लहरीची लांबी. मध्यम लहरींच्या म्हणजे मीडियम वेव्हच्या प्रसारणात मनोऱ्याची उंची साधारण या लांबीच्या पाव हिश्श्याच्या हिशेबाने धरतात, म्हणजे इथे सुमारे ९५ मीटर. मनोरा उभा केला की काम संपत नाही. त्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना, चाकाच्या आऱ्यांसारख्या, तांब्याच्या तारा जमिनीत पुराव्या लागतात. उत्तम रचनेत अशा १२० तारा असतात आणि प्रत्येक तार जवळपास मनोऱ्याच्या उंचीइतकी लांब. जमीन जितकी ओलसर तितकी लहर दूर जाते. म्हणजे हवी मोकळी, सपाट, ओल धरणारी, एकरांनी मोजावी लागणारी जागा. अशी जागा शहराच्या मध्यात मिळत नाही. म्हणून पुण्याचा स्टुडिओ शिवाजीनगरला आणि ट्रान्समीटर हडपसरला, मुंबईचा स्टुडिओ चर्चगेटला आणि ट्रान्समीटर मालाडच्या मालवणीत. निवेदक आणि गायक शहरात आणि अभियंता शिवाराच्या कडेला, ही विभागणी तिथूनच आली.

एफएम आणि टीव्हीचं गणित उलटं. त्या लहरी जवळजवळ नजरेच्या रेषेत जातात, त्यामुळे मनोरा उंचावर हवा. १९७२च्या २ ऑक्टोबरला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी त्याचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले ते सिंहगडावरच्या प्रक्षेपकामुळे. गडावर फिरायला जाणं वेगळं आणि धो धो पावसात, कडाडणाऱ्या विजांत तिथली पाळी करणं वेगळं. डोंगरावरचा मनोरा वीज आधी अंगावर घेतो. अर्थिंग ठीक नसेल तर पहिला फटका यंत्राला आणि दुसरा माणसाला.

हा पेशा मुळात हौशी लोकांतून जन्मला, आणि ती गोष्ट मला फार मोलाची वाटते. मुंबईत १९२३ साली रेडिओ क्लबने प्रसारणाचे प्रयोग केले. तेव्हा ना नोकरी होती ना हुद्दा. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं मुंबई केंद्र सुरू झालं, अवघ्या दीड किलोवॉट शक्तीचं. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली आणि १९३०च्या एप्रिलपासून सरकारने कारभार हाती घेतला. १९३६मध्ये त्याला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळालं आणि त्याच वर्षी सेसिल गॉयडर हे मुख्य अभियंता म्हणून आले. हे गॉयडर म्हणजे तेच, ज्यांनी १९२४च्या ऑक्टोबरमध्ये, लंडनच्या मिल हिल शाळेत शिकत असताना, स्वतः जुळवलेल्या संचावरून थेट न्यूझीलंडशी दुतर्फा संपर्क साधला होता. इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यातला तो पहिला दुतर्फा रेडिओ संवाद. शाळकरी वयात लघुलहरींची म्हणजे शॉर्ट वेव्हची ताकद ओळखलेला माणूस भारतात आला आणि लघुलहरींच्याच आधाराने देशभरच्या सेवेची घडी बसवू लागला. पुढे केंद्राकेंद्रांवर जे तंत्रज्ञ रुजू झाले त्यांच्यातही ही धाटणी दिसते : घरी रेडिओ उघडून बसलेला मुलगा, मग पदविका किंवा पदवी, मग सरकारी नोकरी, आणि निवृत्तीनंतरही हातातली सोल्डरिंगची कांब सुटलेली नाही.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा भारताच्या वाट्याला सहा केंद्रं आणि १८ ट्रान्समीटर आले. त्यांचा आवाज देशाच्या अडीच टक्के क्षेत्रापर्यंत आणि ११ टक्के लोकांपर्यंत पोचत होता. महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर तेव्हा एकटी मुंबई होती. १९४८मध्ये नागपूर आलं, १९५३मध्ये पुणे, नंतर सांगली, रत्नागिरी, जळगाव. प्रत्येक नव्या केंद्रासाठी जाणकार हात जुन्या केंद्रांतूनच यायचे. बदलीचं चक्र इथून सुरू झालं. नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे बदली जिल्ह्यात नव्हे तर देशात कुठेही. काही ठिकाणं दुर्गम म्हणून तिथली मुदत ठरलेली असे. अशा ‘टेन्युअर’वर अनेक जण बायकामुलांना मागे ठेवून एकटेच जात. मुलीची दहावी, वडिलांचं आजारपण, बायकोची शिक्षिकेची नोकरी, असं काहीतरी प्रत्येक बदलीच्या वेळी आडवं येई. ते सांभाळून ज्यांनी संसार केला त्यांच्या बायकांचं नाव कुठल्याही लॉगबुकात नाही, आणि मला ती या इतिहासातली खरी उणीव वाटते. कित्येक बदल्यांचं सामान त्यांनी एकटीने बांधलं.

रोजच्या कामाचं स्वरूप व्हॉल्व्हने ठरवलं. जुन्या ट्रान्समीटरमध्ये मोठाले व्हॉल्व्ह, म्हणजे काम करण्याआधी तापवाव्या लागणाऱ्या निर्वात नळ्या असत. आधी त्यांचा फिलामेंट म्हणजे आतली तार तापवायची, मग उच्च विद्युतदाब द्यायचा. त्यामुळे पहाटेची संकेतधून श्रोत्याच्या कानावर पडण्याआधी बऱ्याच वेळापासून कोणीतरी ट्रान्समीटरच्या हॉलमध्ये मीटरवर डोळे लावून बसलेलं असायचं. नरकचतुर्दशीला पहाटे घरोघरी सनईचे सूर रेडिओवरून यायचे, ते पोचवणाऱ्याचं अभ्यंगस्नान मात्र पाळी संपल्यावर. दिवसाचं प्रसारण सभांमध्ये वाटलेलं : पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा. कर्मचाऱ्यांच्या पाळ्याही त्याच मापाच्या. आणि देखभालीचं मोठं काम? ते शेवटची सभा संपल्यावरच, म्हणजे रात्री. मध्यम लहरींचा मनोरा चिनीमातीच्या इन्शुलेटरवर म्हणजे वीजरोधक आधारावर उभा असतो आणि प्रसारण चालू असताना तो सगळाच्या सगळा विजेने भारलेला असतो, त्यामुळे दिवसा त्याला हात लावायची सोय नाही. रंग देणं, लाल दिवे बदलणं, ताणाच्या तारा तपासणं, सगळं बंद वेळेत. मनोऱ्याच्या कुंपणापलीकडे चेंडू गेला तर आत जायचं नाही, हे वसाहतीतल्या पोरांना फार लवकर शिकवलेलं असायचं.

नागपूरजवळच्या बुटीबोरीत तर दिवसरात्रीची ही अदलाबदल कायमचीच झाली. तिथल्या १००० किलोवॉटच्या महाकाय ट्रान्समीटरवरून १८ मे १९८८ रोजी राष्ट्रीय वाहिनी सुरू झाली, आणि ती होतीच रात्रीची. मध्यम लहरी रात्री वरच्या वातावरणातून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटर जातात, म्हणून एकाच ठिकाणाहून देशाचा मोठा भाग गाठायची ती योजना. भौतिकशास्त्र म्हणून सुंदर. घरच्यांसाठी त्याचा अर्थ, बाबा रात्री नसतात.

ऐंशीच्या दशकात सगळंच भराभर वाढलं. १९८३च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि त्याच्या भरवशावर गावोगावी १०० वॉटचे कमी शक्तीचे टीव्ही प्रक्षेपक, म्हणजे एलपीटी, उभे राहिले. १९८४मध्ये काही काळ दिवसाला एक या वेगाने. छोटी खोली, छतावर डिश, बाजूला मनोरा, आणि मोजके कर्मचारी. त्याच वर्षी तमिळनाडूत नागरकोईलला आकाशवाणीचं पहिलं स्थानिक केंद्र निघालं, आणि पुढे आपल्याकडे अहमदनगर, बीड, सातारा, धुळे, नांदेड, यवतमाळ, चंद्रपूर अशी स्थानिक केंद्रं आली.

इथे अभियंत्याचं आयुष्य बदललं आणि माझ्या मते हाच या पेशाचा सर्वांत समृद्ध काळ. मोठ्या केंद्रात तो पडद्यामागचा माणूस. स्थानिक केंद्रात त्याला गाव ओळखायचं. वीज गेली तर डिझेल जनरेटर सुरू करणारा तोच, शेतकरी मेळाव्याच्या ध्वनिमुद्रणाला यंत्र घेऊन जाणारा तोच, शाळेच्या स्नेहसंमेलनात शिट्टी मारणारा माइक ठीक करून देणाराही तोच. आवाज बंद पडला की लोक थेट घरी फोन करायचे. सासुरवाडीला गेला तरी रेडिओ लावून स्वतःचं केंद्र चालू आहे ना, हे ऐकायचा. काही ठिकाणी पाळ्यांमध्ये स्त्री अभियंत्याही आल्या आणि शहराबाहेरच्या ट्रान्समीटरवर रात्रीची ये-जा, सोबत, गाडी हे प्रश्न पहिल्यांदा कागदावर आले.

मग यंत्रच बदललं. सॉलिड स्टेट म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ट्रान्समीटरमध्ये एका मोठ्या व्हॉल्व्हऐवजी अनेक छोटी मॉड्यूल असतात. एक गेलं तर शक्ती थोडी घटते, प्रसारण थांबत नाही. त्यामुळे मध्यरात्री धावत जायची गरज कमी झाली. संगणकावर कार्यक्रम लावून ठेवता येऊ लागले, दुरून मीटर वाचता येऊ लागले. हे चांगलंच झालं, माणसांना झोप मिळाली. पण ज्या जागी सतत माणूस लागत नाही तिथे माणूस नेमलाही जात नाही. घरोघरी डिश आणि केबल आल्यावर एलपीटीचे प्रेक्षक आटले होते. राष्ट्रीय वाहिनी २०१९च्या सुरुवातीला बंद झाली. दूरदर्शनने जुने अ‍ॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने काढले, आणि मार्च २०२२पर्यंत सामरिकदृष्ट्या महत्त्वाची मोजकी ठिकाणं वगळता ते थांबवण्याचं ठरलं.

त्या प्रक्षेपकांवर उमेदीची वर्षं घालवलेली पिढी आता निवृत्त आहे. त्यांच्यापैकी कोणाची हकिकत लिहायला बसलात तर हुद्द्यांची यादी नंतर करा. आधी विचारा : कुठल्या ट्रान्समीटरवर होता, तो किती किलोवॉटचा, स्टुडिओपासून किती लांब, पाळीला जायला वाहन कोणतं, आणि बदली झाली तेव्हा घरचे सोबत गेले की मागे राहिले. आणि हे विचारताना त्याची बायको समोर बसलेली असू द्या, कारण शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे आहे.