बटणाचा हँडब्रेक अडकला, तर आधी कान लावा

चारही चाकांना ताकद पुरवणारी, अडीच टनांची, नदीनाल्यांतून जायचा रुबाब असलेली गाडी एका बटणापुढे हात टेकते तेव्हा आजूबाजूच्यांना सल्ले द्यायचा हुरूप येतो. ‘फोर-लो टाक (म्हणजे चारही चाकं जोडून जोर वाढवणारा सगळ्यात हळू गिअर) आणि दे दणका’ हा त्यातला सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात वाईट सल्ला. का, ते पुढे येईलच. पण त्याआधी इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू करा, काचा खाली घ्या, ब्रेकच्या पेडलवर पाय ठेवून हँडब्रेकचं बटण पुन्हा दाबा आणि मागच्या चाकांकडून काय ऐकू येतं ते ऐका. आजाराचं अर्धं निदान तिथेच होतं.

जुन्या हँडब्रेकमध्ये लपवण्यासारखं काही नव्हतं. दांडा, तार आणि टोकाला ब्रेक शू, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ड्रमला आतून घासून रोखणारी पट्टी. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपला तर तो चाकांवरही नव्हता. ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या डब्याच्या) मागे, चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टला जोडलेल्या ड्रमवर एक पट्टा आवळला जायचा, बस्स. २००१ च्या सुमारास बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सिरीज आणि लँचिया थीसिससारख्या महागड्या गाड्यांत दांड्याच्या जागी बटण आलं, २००५ च्या फोक्सवॅगन पसाटनंतर ते मध्यम किमतीच्या गाड्यांतही रुळलं आणि आज आपल्याकडच्या एसयूव्हींमध्ये वरच्या व्हेरियंटला ते सर्रास मिळतं.

बटणामागची यंत्रणा मुख्यतः दोन जातींची असते. पहिलीत गाडीखाली एकच मोटार असते आणि ती दोन तारा ओढून दोन्ही मागच्या चाकांतले शू ताणते. २००४ मध्ये आलेली लँड रोव्हर डिस्कव्हरी ३ या जातीची. दुसरीत प्रत्येक मागच्या कॅलिपरच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणाऱ्या भागाच्या) पाठीवर मुठीएवढी स्वतंत्र मोटार बसवलेली असते आणि ती पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या आतला स्क्रू फिरवून पॅड डिस्कवर दाबते. हल्लीच्या बहुतेक गाड्या याच जातीच्या. दोन्हींच्या पोटात एक गोष्ट सारखी आहे, ती म्हणजे बारीक आट्यांचा स्क्रू. बहुतेक भानगडींचं मूळ तोच, आणि गाडी रात्रभर उतारावर उभी राहते तीही त्याच्याच जिवावर.

गाडी किती घट्ट धरावी लागते, याचा हिशोब करून पाहू. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार भरलेली गाडी २० टक्के चढावर, म्हणजे १०० मीटरला २० मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, नुसत्या पार्किंग ब्रेकवर उभी राहायला हवी. २,५०० किलोच्या गाडीला तिथे खाली ओढणारं बळ सुमारे ४,८०० न्यूटन. ते दोन चाकांत वाटलं, टायरची त्रिज्या ३७ सेंटिमीटर, पॅड डिस्कला धरतात ती त्रिज्या १४ सेंटिमीटर आणि पॅडचा घर्षणांक ०.३८ धरला, तर प्रत्येक डिस्कवर किमान साडेआठशे किलो वजनाइतका दाब लागतो. सुरक्षेसाठी प्रत्यक्षात त्याच्या दीड-दोन पट देतात. म्हणजे मुठीएवढी मोटार एका चाकावर दीड टनाच्या आसपास दाब देते, आणि मग तिचा वीजपुरवठा बंद होतो. दाब मात्र तसाच राहतो.

तो राहतो स्क्रूमुळे. डिकीतला स्क्रूचा जॅक हँडल सोडलं तरी खाली येत नाही, तसंच हे. आट्यांचा उतार इतका कमी असतो की त्यावरून घसरायला घर्षण परवानगी देत नाही. समजा स्क्रूचा व्यास ८ मिलिमीटर आहे आणि एका फेऱ्यात तो दीड मिलिमीटर सरकतो. त्याच्या आट्यांचा उतार झाला जवळपास साडेतीन अंश. ग्रीस लावलेल्या आट्यांत घर्षणांक ०.१२ असला, तर वस्तू आपणहून घसरायला साधारण सात अंशांचा उतार लागतो. साडेतीन हे सातपेक्षा बरेच कमी, म्हणून स्क्रू जागच्या जागी. वीज नको, लक्ष द्यायला कुणी नको.

आता उलटा प्रवास पाहा. आवळताना मोटारीला घर्षण आणि उतार दोघांशी लढावं लागतं. सोडताना मात्र उतार तिच्या बाजूने असतो. वरच्या आकड्यांनी गणित केलं, तर सोडायला लागणारा जोर आवळण्याच्या जेमतेम एक तृतीयांश भरतो. म्हणजे ब्रेक सुटणं हे लागण्यापेक्षा सोपं काम. मग अडकतो कसा?

कारण हे गणित घर्षणाबाबत फार हळवं आहे. पाणी-धूळ रोखणारं रबरी आवरण (बूट) फाटून आत पाणी गेलं, ग्रीस वाळलं, आट्यांवर गंज चढला आणि घर्षणांक ०.१२ चा ०.२४ झाला असं धरा. घर्षण दुप्पट, पण सोडायला लागणारा जोर तिप्पट! उताराने जी सूट मिळत होती, ती घर्षणाने खाऊन टाकली. त्यात बॅटरी थकलेली असली, तर आदल्या रात्री इंजिन चालू असताना, साडेतेरा-चौदा व्होल्टवर ज्या मोटारीने ब्रेक आवळला, तिच्याकडून सकाळी थंड इंजिन आणि अकरा व्होल्टवर तो सोडवायची अपेक्षा आपण करतो. डीसी मोटारीचा जास्तीत जास्त जोर व्होल्टेजबरोबर घटतो, त्यामुळे ती कण्हते आणि थांबते. व्होल्टेज फारच खाली गेलं, तर नियंत्रक तिला प्रयत्नही करू देत नाही.

स्क्रू ठणठणीत असूनही गाडी अडकते असा दुसरा प्रकार आहे, आणि कोकणात तोच जास्त भेटतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा घेतो. ओल्या डिस्कवर पॅड दाबून गाडी चार दिवस खाऱ्या हवेत उभी ठेवली, की डिस्क आणि पॅडच्या मधल्या फटीत गंज धरतो आणि दोघांना चिकटवतो. पॅडमध्ये लोखंडी तंतू असतील, तर गंजाला दोन्हीकडून खाद्य मिळतं. ड्रमवाल्या गाडीत याहून वाईट होतं. ओढ्यातून जाताना गेलेला गाळ ड्रममध्ये साचतो, वाळतो आणि शू व ड्रमच्या मध्ये पाचर बसावी तसा बसतो. घाट उतरून ड्रम तापलेला असताना हँडब्रेक लावला, तर थंड होताना ड्रम आकसतो आणि शूंना आणखी घट्ट मिठी मारतो. डिस्कवाल्या गाडीत याच्या बरोबर उलट घडतं. थंड होताना डिस्क पातळ होते आणि पकड सैल पडते. म्हणूनच काही गाड्यांत पार्क केल्यावर थोड्या वेळाने मागून आपोआप ‘घुंऽऽ’ ऐकू येतं. नियंत्रक ब्रेक पुन्हा आवळून घेत असतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता कान लावण्याकडे येऊ.

काहीच आवाज आला नाही, तर दोष बहुधा विजेचा. बॅटरी, फ्यूज, वायरिंग, बटण किंवा बटणाची अट पूर्ण न होणं. अनेक गाड्यांत पेडलवर पाय नसेल, तर काहींत सीटबेल्ट लावलेला नसेल तरीही ब्रेक सुटत नाही. आधी हे बघा, मग जम्पर केबल लावा. जम्प स्टार्टने सुटलेल्या ब्रेकसाठी गॅरेजचं बिल भरणारे लोक कमी नाहीत.

आवाज आला, पण क्षणभर कण्हून तुटला, तर मोटार जिवंत आहे आणि स्क्रू किंवा तार जाम आहे. कॅलिपरवर मोटार असलेल्या गाडीत इथे एक युक्ती चालते आणि तिच्यामागे चोख भौतिकशास्त्र आहे. इंजिन चालू करून ब्रेकचं पेडल पूर्ण ताकदीने दाबा आणि दाबलेलं असतानाच बटणाने ब्रेक सोडा. स्क्रूच्या टोकाचा नट पिस्टनला आतून रेटून उभा असतो. पेडल दाबलं की ब्रेक ऑइलचा दाब पिस्टनला पुढे ढकलतो, पॅडचं ओझं ऑइल उचलतं आणि नटावरचा भार हलका होतो. भार गेला की आट्यांतलं घर्षणही त्याच प्रमाणात जातं. याचीच दुसरी बाजू अशी, की पेडलवर उभं राहून हँडब्रेक लावायची सवय असेल तर ती सोडा. ऑइलचा आणि मोटारीचा दाब एकावर एक चढतो आणि ब्रेक विनाकारण जास्त आवळला जातो.

मोटार पूर्ण वेळ नीट चालली, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला आणि गाडी तरी हलेना, तर विजेचं काम झालेलं आहे. पॅड किंवा शू चिकटलेत. इथे हलकेच रिव्हर्समध्ये, मग पुढे, अशी गाडी झुलवायची. अ‍ॅक्सिलरेटर अगदी नावापुरता. गंजाचा सांधा ताणापेक्षा दिशा बदलण्याला लवकर दाद देतो. ‘टक्क’ असा आवाज येऊन गाडी सुटते आणि डिस्कवर पॅडच्या आकाराचा तपकिरी ठसा दिसतो, जो पहिल्या काही ब्रेकमध्ये घासून जातो. नाही सुटली, तर चाक काढून ड्रमच्या कडेवर रबरी हातोड्याने गोल फिरत ठोके द्यायचे. लडाख-स्पितीला हिवाळ्यात जाणाऱ्यांना गंजाऐवजी बर्फ भेटतो. तिथला जाणता ड्रायव्हर रात्री हँडब्रेक लावतच नाही. गाडी गिअरमध्ये किंवा ‘पी’त टाकतो आणि चाकांना दगड लावतो.

आणि तो फोर-लोचा दणका? लो रेंजमध्ये चाकांवरचा जोर अडीच-तीन पट होतो, हे खरं. पण तो जोर कुठे जातो ते बघा. समजा मागचं एकच चाक अडकलंय. साध्या डिफरन्शिअलचा (दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या यंत्रणेचा) नियम असा की दोन्ही चाकांच्या वेगांची सरासरी शाफ्टने ठरवून दिलेल्या वेगाइतकी राहते. एक चाक शून्यावर असेल, तर दुसऱ्याला दुप्पट वेगाने फिरावंच लागतं. पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधलेले असताना डांबरी रस्त्यावर असा तमाशा केला, तर टायर घासतात, अ‍ॅक्सल पिळवटतात आणि दुखणं हँडब्रेकवरून ट्रान्स्फर केसवर जातं. दोन्ही चाकं अडकलेली असतील, तर मागचा शाफ्ट फिरत नाही, त्याला बांधलेला पुढचाही फिरत नाही आणि ब्रेक घसरेपर्यंत सगळा जोर शाफ्ट आणि गिअरवर येतो. त्याहून घातक म्हणजे अर्धवट सुटलेला ब्रेक घेऊन ‘आता चालतेय ना’ म्हणत निघणं. चाकावर नुसतं ५०० न्यूटनचं ओढकाम राहिलं, तर ताशी ४० किलोमीटरला एका डिस्कमध्ये साडेपाच किलोवॅट उष्णता ओतली जाते. ओलावा शोषलेलं डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल १५५ अंशांच्या आसपास उकळू लागतं, आणि उकळलेल्या ऑइलवर पेडल सरळ तळाला जातं. घाटात हे घडू नये.

हाताने सोडवण्याची सोय बहुतेक गाड्यांत असते, फक्त ती शोधावी लागते. डिस्कव्हरी ३ मध्ये पुढच्या दोन सीटांमधल्या कन्सोलच्या आत एका तारेचा फास दडवलेला आहे. त्यात हूक अडकवून जोरात ओढलं, की मोटारीचा ताण सुटतो आणि चाकं मोकळी होतात. (या गाडीचा हँडब्रेक लागताना कर्कश किंचाळू लागला, तर ती बहुधा शूंची पूर्वसूचना असते. लायनर झिजलेत, समायोजन गेलंय आणि मोटार तार नेहमीपेक्षा लांब ओढतेय.) कॅलिपरवर मोटार असलेल्या गाडीत चाक काढून, मोटारीचा कनेक्टर सोडवून, तिचे दोन स्क्रू काढून मोटार अलगद बाहेर घेतात. आत स्क्रूचं खाचेदार टोक दिसतं. ते योग्य पान्याने थोडं मागे फिरवलं की पकड सुटते. कोणत्या दिशेने आणि किती, हे त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघूनच करायचं.

यातलं काहीही करण्याआधी चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ नका. ब्रेक सुटला म्हणजे गाडी चालायला मोकळी झाली, आणि ती आपल्याला विचारून चालत नाही. फोर-बाय-फोरमध्ये एक जादा सापळा आहे. ट्रान्स्फर केस ‘न्यूट्रल’मध्ये असेल, तर गिअर ‘पी’त असला तरी काही उपयोग नाही, कारण ‘पी’ची खीळ गिअरबॉक्सला रोखते आणि गिअरबॉक्सचा चाकांशी संबंधच तुटलेला असतो. अशा वेळी गाडी फक्त हँडब्रेकवर उभी असते, आणि आपण नेमका तोच सोडवायला निघालेलो असतो.

हाताने सोडवल्यावर डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागणार हे धरून चाला. स्क्रू कुठे आहे याचा नियंत्रकाचा हिशोब चुकलेला असतो. स्कॅनर लावून त्याला शून्य पुन्हा शिकवावं लागतं आणि डिस्कव्हरीसारख्या गाडीत तारेची यंत्रणा जागेवर बसवून घ्यावी लागते. तोवर हँडब्रेक नाही असं समजून उतारावर उभं राहायचं टाळा. टो करायची वेळ आली, तर मागची चाकं उचलून पुढची रस्त्यावर ठेवणारी क्रेन नको. कायम चारही चाकं जोडलेल्या गाडीला सपाट पाठीचा ट्रकच हवा, पैसे थोडे जास्त गेले तरी. आणि पुढच्या वेळी मागचे पॅड बदलताना फिटरने स्कॅनरने हँडब्रेक सर्व्हिस मोडमध्ये टाकलाय ना, एवढं स्वतः विचारा. तसं न करता पिस्टन सी-क्लॅम्पने मागे दाबला, तर आतला नट-स्क्रू जागीच मोडू शकतो.