दुरंगी लढतीत तिसऱ्याचं काय? नाशिकची पार्श्वभूमी

महायुती की महाविकास आघाडी, एवढाच सवाल उरल्यापासून नाशिकमध्येही 'तिसऱ्याला दिलेलं मत वाया' हे हमखास ऐकू येतं. फ्रेंच अभ्यासक मॉरिस द्युव्हर्जे यांनी १९५१ मध्येच मांडलं होतं, की सर्वाधिक मतं मिळवणारा एकच विजयी ठरतो तिथे लढत दोन पक्षांवर येऊन ठेपते. अमेरिकेत १९९२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत अपक्ष रॉस पेरो यांनी जवळपास १९ टक्के मतं घेतली. राज्यवार निकालांवरून अध्यक्ष ठरवणाऱ्या निर्वाचक मंडळात मात्र भोपळा.

नाशिकमध्ये १९५७ चीही लढत दुरंगीच होती. पण काँग्रेससमोरच्या संयुक्त महाराष्ट्र समितीत शेकाप, प्रजा समाजवादी, कम्युनिस्ट, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आपापला झेंडा राखून होते. त्यातूनच फेडरेशनचे दादासाहेब गायकवाड नाशिकचे खासदार झाले. पुढे फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षातर्फे १९५९ आणि १९६४ मध्ये त्यांनी भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले: पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा. बागायतदारांच्या बळावर चालणाऱ्या पक्षाला ही मागणी स्वतःहून सुचली असती, असं मला वाटत नाही. याच मतदारसंघात १९६३ च्या पोटनिवडणुकीत संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण बिनविरोध निवडून आले. चीन युद्धानंतरचं वातावरण पाहता ते समजण्यासारखं होतं. मतदारावर मात्र मत देण्याची वेळच आली नाही.

जमिनीचा तोच प्रश्न वनपट्ट्यांच्या, म्हणजे आदिवासी कसत असलेल्या वनजमिनींच्या, रूपात पुन्हा आला, तोही एका छोट्या पक्षाच्या बळावर. वनहक्क कायदा २००६ चा, पण दावे वर्षानुवर्षं पडून. ६ मार्च २०१८ ला माकपशी संलग्न किसान सभेचा मोर्चा नाशिकहून पायी निघाला, १२ तारखेला मुंबईत सरकारने लेखी आश्वासन दिलं. नेतृत्वात होते कळवणचे जे. पी. गावित, त्या विधानसभेतले माकपचे एकमेव आमदार.

मतं फुटतात, हा आक्षेप खोटा नाही. २००९ च्या लोकसभेला नाशिकमध्ये मनसे दुसरी, शिवसेना तिसरी आली आणि राष्ट्रवादीचे समीर भुजबळ सुमारे २२ हजारांनी जिंकले. पण तो दोष मोजणीच्या पद्धतीचाही आहे. विधान परिषदेच्या नाशिक पदवीधर मतदारसंघात मतदार उमेदवारांपुढे १, २, ३ असा पसंतीक्रम लिहितो. पहिल्या पसंतीचा उमेदवार बाद झाला, तर तेच मत पुढच्या पसंतीकडे जातं.