इटालियन आणि मैतेई : प्रादेशिक बोली

या दोन भाषांच्या बोली शेजारी ठेवून पाहताना पहिली अडचण ‘बोली’ या शब्दाचीच येते. इटलीत ज्यांना ‘दियालेत्तो’ म्हणतात त्या नेपल्स, सिसिली, व्हेनिस, मिलान इथल्या बोली प्रमाण इटालियनपासून फुटलेल्या नाहीत. त्या थेट लॅटिनमधून आल्या, म्हणजे इटालियनच्या बहिणीच. प्रमाण भाषा घडली ती चौदाव्या शतकात दान्ते, पेत्रार्क, बोकाचो या साहित्यिकांनी वापरलेल्या फ्लॉरेन्सच्या भाषेवरून. १८६१ मध्ये देश एक झाला तेव्हा ती येणारे लोक, भाषातज्ज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाने, जेमतेम अडीच टक्के होते.

ला स्पेत्सिया ते रिमिनी या रेषेच्या उत्तरेला दोन स्वरांमधला ‘क’ मऊ होतो: मैत्रीण प्रमाण भाषेत ‘आमीका’, तर व्हेनिसमध्ये ‘आमीगा’. गंमत म्हणजे खुद्द फ्लॉरेन्समध्ये ‘ला कासा’ (घर) ऐकू येते ‘ला हासा’ असे. माहेरचा हा उच्चार प्रमाण भाषेने घेतला नाही. प्रमाण इटालियनच्या प्रादेशिक छटा वेगळ्या मोजाव्या लागतात. कलिंगड मागताना उत्तरेत ‘आंगूरिया’ म्हणतात, तस्कनीत ‘कोकोमेरो’.

मणिपूरची मैतेई (मणिपुरी) तिबेटी-बर्मी कुळातली, सूरभेदाने अर्थ बदलणारी भाषा. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे १७.६ लाख भाषक नोंदले गेले. १९९२ मध्ये कोकणी आणि नेपाळीबरोबर ती भारतीय संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आली. प्रमाण रूप इंफाळचे. काकचिंगसारख्या गावांची बोली त्याहून वेगळी ऐकू येते, पण अंतर नेपल्स-मिलानइतके नाही. १८१९ ते १८२६ या बर्मी अमलात अनेक मैतेई कुटुंबे आजच्या आसाममधल्या कछारकडे पळाली. तिथल्या मैतेईवर बंगालीची छाया पडली. विष्णुप्रिया मणिपुरीच्या नावावरून मात्र फसू नये, ती इंडो-आर्यन भाषा आहे. तांगखुल, थाडो याही मैतेईच्या बोली नव्हेत, स्वतंत्र भाषा आहेत; त्यांचे भाषक एकमेकांशी बोलताना मैतेईचा आधार घेतात.

सर्वांत गुंतागुंतीची गोष्ट आंद्रो आणि सेकमाई या मणिपुरातल्या लोई समाजाच्या गावांची. आज तिथे बोलली जाते ती मैतेईच. पण एकोणिसाव्या शतकात टिपलेल्या आणि पुढे भाषातज्ज्ञ ग्रियर्सन यांनी आपल्या भाषिक सर्वेक्षणात घेतलेल्या तिथल्या शब्दयाद्या मैतेईशी जुळत नाहीत. त्या म्यानमारमधल्या ‘कडू’ नावाच्या भाषेच्या जवळच्या आहेत.