काकांचा दमा, भाचीचा दमा

आमच्या घरात दोघांना दमा आहे असं आम्ही कितीतरी वर्षं म्हणत आलो: थोरले काका आणि माझी नऊ वर्षांची भाची. सोलापुरातल्या गड्ड्याच्या जत्रेतल्या धुळीत दोघांनाही धाप लागली, तेव्हा कुणीतरी भाचीचाच पंप काकांच्या हातात दिला. भाची दहा-पंधरा मिनिटांत पाळण्याकडे धावली. काका मात्र बाकावरून उठलेच नाहीत.

भाचीचा तो खरा दमा. रात्री तीनच्या सुमाराला ती उठून बसते, छातीत शिट्टी वाजते, आणि दुपारी तीच पोर अंगणात लंगडी खेळते. ही चढउतार म्हणजे दम्याची मुख्य खूण. श्वासनळ्यांना आतून सूज असते. धूळ, सर्दी, गार हवा, उदबत्तीचा धूर, काहीही खुपलं की त्या आवळतात आणि औषधाने पुन्हा मोकळ्या होतात. सुरुवात बऱ्याचदा लहानपणी होते आणि घरात आणखी कुणाला तरी ॲलर्जी असते.

काकांचं असं मागेपुढे होत नाही, नुसतं उतरत जातं. पाच वर्षांपूर्वी ते सिद्धेश्वर तलावाला अख्खी फेरी मारायचे. आता देवळापर्यंत जाताना दोनदा थांबतात, कठड्याला दोन्ही हात टेकतात आणि ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडतात. सकाळचा चहा खोकला आणि बेडक्याशिवाय होत नाही. या आजाराचं नाव सीओपीडी. तो सहसा चाळिशीनंतर दिसतो. श्वासनळ्या कायमच्या अरुंद होतात, फुफ्फुसातले हवेचे फुगे फाटतात आणि फाटलेलं पुन्हा जुळत नाही.

काकांनी पस्तीस वर्षं बिडी ओढली. सिगारेटपेक्षा बिडी बरी, त्यात नुसतं पान आणि तंबाखू, असं ते सांगायचे. ते खरं नाही. पानातून हवा नीट खेळत नाही, बिडी सारखी विझते, म्हणून झुरके जास्त आणि खोल घ्यावे लागतात. त्यात उमेदीची वर्षं यंत्रमागावर, कापसाच्या धुळीत गेली. ती धूळही फुफ्फुसाला बाधते. सुट्टीनंतर कामावर परतल्यावर पहिल्याच दिवशी छाती भरून येत असेल, तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगावं. आणि बिडी कधी हातात न धरलेल्या, पण जन्मभर चुलीपुढे भाकरी थापलेल्या बायकांनाही सीओपीडी होतो. त्यांची धाप ‘वय झालं’ म्हणून सोडून दिली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

नुसत्या लक्षणांवरून डॉक्टरही फसू शकतात, शिवाय काहींना दोन्ही आजार असतात. म्हणून फुंकण्याची चाचणी, म्हणजे स्पायरोमेट्री. छाती भरून श्वास घ्यायचा, नळीत जोर लावून फुंकायचं, मग पंपाचं औषध घेऊन पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा फुंकायचं. औषधानंतरही पहिल्या सेकंदात एकूण हवेच्या ७० टक्क्यांहून कमी हवा बाहेर पडली, तर सीओपीडीचा संशय बळावतो. औषधाने आकडा चांगलाच वर गेला, तर दम्याचा. भाचीसारख्यांची चाचणी बऱ्या दिवशी अगदी सरळही येते, म्हणून एका कागदावर निकाल लावू नये.

उपचारात पंप दोघांनाही लागतो, पण आतलं औषध वेगळं. दम्यात सूज उतरवणारा स्टिरॉइडचा पंप हा कणा. तो बरं वाटतंय म्हणून बंद करायचा नसतो. ‘पंपाची सवय लागते’ या भीतीपायी भाचीचा पंप आम्ही दोन महिने थांबवला होता, आणि त्या दोन महिन्यांत तिला दोनदा रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. सीओपीडीत नळ्या दीर्घकाळ मोकळ्या ठेवणारी औषधं आधी येतात, स्टिरॉइड काही जणांनाच. गेलेलं फुफ्फुस परत आणणारं औषध नाही. बिडी सोडली की उरलेल्याची झीज मंदावते, साठीतही.

काकांनी दिवाळीपासून बिडी सोडली आहे. तलावावर अजून दोनदाच थांबतात, तिसऱ्यांदा नाही.