खटक्याचं गणित: जुन्या रोड बाईकचे शिफ्टर बदलताना

१९८०च्या दशकातली एखादी स्टीलची रोड बाईक हाती आली की पहिली पंचाईत होते ती गिअर बदलताना. ब्रेक हँडलवर असतात, पण गिअरचे दोन छोटे दांडे खाली, फ्रेमच्या तिरक्या नळीवर. एक हात हँडलवरून काढायचा, गुडघ्याशेजारून खाली न्यायचा, अंदाजाने दांडा सरकवायचा आणि चेनची खरखर थांबेपर्यंत तो कणभर पुढेमागे करत बसायचं. पुण्याजवळच्या बोपदेव घाटात खड्डे चुकवत हे करून बघा, शिफ्टर बदलण्याचा विचार त्याच चढावर पक्का होईल.

मग ब्रेक आणि गिअर एकाच लिव्हरमध्ये असलेले शिफ्टर आणायचे, केबल जोडायची आणि निघायचं, असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेकांची सायकल या कामानंतर आधीपेक्षा वाईट चालते. दोष शिफ्टरचा क्वचितच असतो. तो ज्या गणिताचा भाग आहे, त्या गणिताकडे कोणी पाहिलेलं नसतं.

जुन्या दांड्यात खटका, म्हणजे प्रत्येक गिअरला 'टक्' करून थांबण्याची ठरलेली जागा, नसतो. डिरेलरमधली (चेनला एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या मागच्या यंत्रातली) स्प्रिंग चेनला सतत सर्वांत लहान चकतीकडे ढकलत असते आणि त्यामुळे केबल कायम ताणलेली राहते. दांड्याच्या बुडाशी वॉशर स्क्रूने आवळलेले असतात. त्यांचं घर्षण या ताणाला थोपवून धरतं, बस्स. स्क्रू ढिला पडला तर ऐन चढावर दांडा हळूच पुढे सरकतो आणि चेन जड गिअरवर येऊन बसते. स्क्रू आवळला तर दुसरी अडचण: मोठ्या चकतीकडे जाताना हाताला स्प्रिंगचा ताण आणि घर्षण दोन्ही एकदम पेलावं लागतं, उलट येताना मात्र स्प्रिंगच मदत करते. जपानच्या सनटूरने यावर छान तोड काढली होती. दांड्यात बारीक दात्यांचं रॅचेट घातलं, त्यामुळे ओढताना घर्षण आड येत नसे आणि सोडताना ते पुरेपूर काम करे. फ्रान्सच्या सिंप्लेक्सने हेच एका गुंडाळलेल्या स्प्रिंगने साधलं. आजही हे दांडे जपून ठेवणारे लोक आहेत आणि ते उगाच नाही.

असा दांडा म्हणजे सारंगी, आणि खटक्याचा शिफ्टर म्हणजे पेटी. सारंगीवर सूर नेमका कुठे आहे हे कानाने शोधावं लागतं, पण वाद्य किंचित उतरलेलं असलं तरी बोट सरकवून सांभाळून घेता येतं. पेटीची पट्टी दाबली की सूर तयार मिळतो, मात्र आतली पत्तीच बेसूर असेल तर वाजवणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. गिअरचा 'सूर' जुळवण्याचं काम खटक्याच्या शिफ्टरमध्ये हाताकडून यंत्राकडे जातं. म्हणून यंत्राचे सगळे भाग एकाच हिशेबाचे असावे लागतात.

हा हिशेब साधा गुणाकाराचा आहे. शिफ्टरचा एक खटका ठराविक मिलिमीटर केबल ओढतो. केबल १ मिमी सरकली की डिरेलर चेनला किती मिमी बाजूला नेतो, हे प्रमाण डिरेलरच्या घडणीवर ठरतं. या दोन आकड्यांचा गुणाकार मागच्या दोन चकत्यांमधल्या अंतराइतका यायला हवा. शिमानो कंपनीच्या ८-स्पीडमध्ये, म्हणजे मागे आठ चकत्या असलेल्या संचात, एक खटका सुमारे २.८ मिमी केबल ओढतो आणि डिरेलरचं प्रमाण साधारण १.७ आहे. गुणाकार येतो ४.७६, चकत्यांमधलं अंतर आहे ४.८. जमलं. ९-स्पीडमध्ये खटका २.५ मिमीचा आणि अंतर ४.३५ मिमीचं, तिथेही जमतं. डिरेलर तोच चालतो, फक्त खटका आखूड होतो.

आता घोळ करून पाहू. ९-स्पीडचा शिफ्टर ८-स्पीडच्या चकत्यांवर लावला, तर प्रत्येक खटक्याला चेन ४.२५ मिमी सरकते आणि जायचं असतं ४.८ मिमी. अर्धा मिलिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण चूक साठत जाते. तीन खटक्यांनंतर चेन आपल्या जागेपासून १.६५ मिमी दूर असते, आणि दोन चकत्यांमधली मोकळी फट असते जेमतेम ३ मिमीची. चेन शेजारच्या चकतीला घासू लागते, पेडलवर जोर दिला की उडी मारते. केबल ताणून शेवटचा गिअर नीट केला की पहिला बिघडतो. मेकॅनिक दुपारभर बॅरल (केबलचा ताण कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवत बसला तरी हे सुटणार नाही, कारण बिघाड ताणात नसून गुणाकारात आहे.

हा गुणाकार पहिल्यांदा भरवशाचा केला तो शिमानोने, १९८४च्या सुमाराला, ड्युरा-एस ७४०० या मालिकेत. ओसाकाजवळच्या साकाई शहरात १९२१ साली सुरू झालेली ही कंपनी. पुढे याच शहराने जगभरच्या सायकलींचे गिअर घडवले. खटक्याची कल्पना त्याआधीही होती, शिमानोनेच सत्तरच्या दशकात खटका डिरेलरमध्ये बसवून पाहिला होता. पण ८४चं यश निव्वळ खटक्याचं नव्हतं. सनटूरच्या नोबुओ ओझाकींनी १९६४ मध्ये तिरप्या समांतरभुज चौकोनाचा डिरेलर काढला होता. तो बाजूला सरकताना खालीही उतरतो, त्यामुळे त्याची वरची चकरी लहान आणि मोठ्या चकतीपासून जवळपास सारख्याच अंतरावर राहते. हे अंतर बदलत असेल तर एकाच मापाचा खटका एका टोकाला पटकन चेन उचलतो आणि दुसऱ्या टोकाला आळसावतो. ओझाकींचं पेटंट १९८४च्या आसपास संपलं आणि शिमानोने तो आकार उचलला. सनटूरचीच युक्ती वापरून सनटूरलाच बाजारातून बाहेर काढलं, असं म्हटलं तर ते फारसं अन्यायाचं होणार नाही.

खटके आधी आले तेही त्याच तिरक्या नळीवरच्या दांड्यांत, हँडलवर नव्हे. त्यालाही कारण आहे. तिथून मागच्या चाकापर्यंत केबल जवळजवळ सरळ आणि उघडी जाते, आउटरचा, म्हणजे केबलवरच्या कडक आवरणाचा, तुकडा लागतो तो फक्त डिरेलरजवळच्या वळणावर. हँडलवरून केबल आणायची तर आणखी एक लांब आउटर आणि दोन-तीन वळणं वाढतात. ब्रेकच्या आउटरमध्ये पोलादी पट्टी वेटोळ्यासारखी गुंडाळलेली असते. ताण आला की वेटोळी जवळ येतात, वाकवलं की बाहेरच्या बाजूने उघडतात, म्हणजे आउटरची लांबी बदलते. ब्रेकला त्याचं काही वाटत नाही. पण २.८ मिमीच्या खटक्यात लांबीचा निम्मा मिलिमीटर असा गिळला गेला तर गिअर चुकतो, नुसतं हँडल वळवलं तरी चेन कुरकुरते. म्हणून गिअरच्या आउटरमध्ये तारा लांबीच्या दिशेने, एकमेकींना चिकटून बसवलेल्या असतात. त्या दबत नाहीत. आणि उलटा उद्योग तर कधीच करू नका: गिअरचं आउटर ब्रेकला लावू नका. त्या तारांना बाहेरून फक्त प्लास्टिकने धरलेलं असतं, जोरात ब्रेक दाबला की ते फाटून तारा बाहेर येतात, तेही नेमक्या गरजेच्या क्षणी.

ब्रेकच्या लिव्हरमध्येच गिअर आले ते १९९० मध्ये, शिमानोच्या एसटीआयमधून. दोन वर्षांनी इटलीतल्या विचेंझाच्या कँपानोलोने अर्गोपॉवर आणलं, त्यात अंगठ्यासाठी वेगळं बटण. दोघांचे खटके वेगवेगळ्या मापाचे, तेव्हा एकाचा शिफ्टर आणि दुसऱ्याचा डिरेलर हे लग्न टाळलेलंच बरं.

मग आपल्या जुन्या सायकलीचं काय करायचं? आधी मागचं चाक बसतं त्या दोन फाट्यांमधलं अंतर मोजा. ६ आणि ७-स्पीडच्या जमान्यातल्या रोड बाईकमध्ये ते बहुधा १२६ मिमी असतं, ८-स्पीडपासून पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) १३० लागतं. स्टीलची फ्रेम जाणकाराकडून दोन्ही बाजूंना २-२ मिमी फाकवून घेता येते. ॲल्युमिनियम किंवा कार्बनशी हा खेळ नको, तिथे तडा जातो. पण मला विचाराल तर फ्रेमला हातच लावू नका. ७-स्पीडचं फ्रीव्हील (मागच्या चकत्यांचा संच) १२६ मध्ये सुखाने बसतं, त्याच्या चकत्यांमधलं अंतर ५ मिमी असतं. शिमानोचा ८-स्पीड शिफ्टर तिथे ४.७६ मिमी सरकवतो. मधल्या चकतीवर नेमकं जुळवलं तर टोकाला पोचेपर्यंत चूक साठते ती पाऊण मिलिमीटरच्या आत. डिरेलरच्या वरच्या चकरीला बाजूला हलायला थोडी सैल जागा मुद्दाम ठेवलेली असते, त्यात हे खपून जातं. एक खटका जास्तीचा उरतो, त्याला डिरेलरची धाव रोखणारा लिमिट स्क्रू अडवतो. ही जोडी स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षं चालते. ११-स्पीडच्या मागे लागून चाक, चेन, क्रँक सगळं बदलण्यापेक्षा मला ती कितीतरी शहाणपणाची वाटते.

डिरेलर मात्र शिमानोचा ७, ८ किंवा ९-स्पीडचा घ्यावा लागेल, कारण जुन्या सनटूरचं किंवा कँपानोलोचं प्रमाण १.७ असेल याचा भरवसा नाही. इथे दोन फसवे सापळे आहेत. पहिला म्हणजे तोच ऐतिहासिक ड्युरा-एस ७४००: त्याचा डिरेलर शिमानोच्याच इतर शिफ्टरांशी जुळत नाही. दुसरा नव्या काळातला. शिमानोची टियाग्रा ४७०० ही मालिका नावाला १०-स्पीड आहे, पण केबल ओढते ११-स्पीडच्या मापाने, त्यामुळे जुन्या १०-स्पीडच्या डिरेलरला ती चालत नाही. डब्यावरचा स्पीडचा आकडा वाचून खरेदी करणारे इथे हमखास अडकतात.

ब्रेककडेही एकदा बघा. अलीकडच्या पिढीतल्या बऱ्याच लिव्हर जास्त केबल ओढतात, म्हणजे तेवढ्याच बोटांच्या जोरात जुन्या कॅलिपरवर (रिमला दाबणाऱ्या ब्रेकच्या चिमट्यावर) कमी ताकद पोचते. नव्या लिव्हरसोबत त्याच पिढीचे कॅलिपर घेतलेले बरे. घाट उतरताना फरक कळतो.

वापरलेले शिफ्टर स्वस्तात मिळाले आणि लिव्हर दाबली तर खटका लागतच नाही, म्हणून ते मोडीत काढू नका. बऱ्याचदा आतलं ग्रीस वाळून डिंकासारखं झालेलं असतं आणि रॅचेटची जीभ दात्यात पडायच्या ऐवजी वरच चिकटून राहते. आत क्लीनरचा स्प्रे भरपूर मारायचा, लिव्हर पुन्हा पुन्हा दाबायची, काळं पाणी निघून जाऊ द्यायचं आणि मग पातळ तेलाचे थेंब सोडायचे. त्यानंतर बरेचसे शिफ्टर पुन्हा बोलू लागतात.

पुढच्या गिअरसाठी डावा शिफ्टर बदलायलाच हवा असंही नाही. पुढे दोनच चकत्या, बदल क्वचित. काही जण उजवीकडे एसटीआय लावतात आणि डावा दांडा नळीवर तसाच ठेवतात. दिसायला विजोड, वागायला गुणी. उजव्या दांड्याच्या जागी, नळीवरच्या त्याच बॉसवर (दांडा बसतो त्या उंचवट्यावर), केबलचा स्टॉप बसवायचा. बॅरल असलेलाच घ्या. नवी आउटर टोपणांत नीट बसेपर्यंत पहिल्या काही फेऱ्यांत केबल थोडी सैल पडते आणि चेन मोठ्या चकतीवर चढायला कां-कूं करते. तेव्हा बॅरल घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा फेरा फिरवायचा, चेन चढते का पाहायचं, नाहीतर आणखी पाव फेरा.